मेल्बा लिस्टन : हातात ट्रॉम्बोन, मांडीवर वही

कोमल_निषाद

माझं काम पेटीवर साथ करण्याचं. अभंग, नाट्यपदं, अधूनमधून ख्याल. साथीला बसणाऱ्या माणसाचे कान वेगळे घडतात. गायकाचा श्वास कुठे संपेल, समेवर येताना तो किती रेंगाळेल, त्याने सोडलेली जागा भरायची की तशीच राहू द्यायची, हे क्षणाक्षणाला ठरवावं लागतं. आणि ते नीट जमलं तर कोणाच्या लक्षातही येत नाही. गेल्या पावसाळ्यात या कानांनी मी मेल्बा लिस्टनचं काम पहिल्यांदा ऐकलं. तेव्हापासून तिच्याबद्दल कोणाशी तरी सविस्तर बोलायचं होतं, म्हणून हा धागा.

मेल्बा ही जाझमधली ट्रॉम्बोनवादक आणि संगीत संयोजक. (आपण मनातल्या मनात लता, किशोरी म्हणतो तसं एकेरीत लिहिते आहे.) जन्म १३ जानेवारी १९२६, अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत. सातव्या वर्षी तिने ट्रॉम्बोन पाहिला आणि तोच हवा म्हणून हट्ट धरला. तो वाजवणारं घरात कोणी नव्हतं. आवडला तो त्याच्या देखणेपणामुळे, असं ती पुढे सांगायची. आईने घेऊन दिला.

ज्यांनी हे वाद्य जवळून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. ट्रॉम्बोन म्हणजे दोनदा वळवलेली पितळेची लांब नळी. तिचा पुढचा भाग, ज्याला स्लाइड म्हणतात, हाताने पुढे-मागे सरकतो. ट्रम्पेटसारख्या कळा नाहीत, बासरीसारखी भोकं नाहीत. नळी लांबवली की सूर उतरतो, आत घेतली की चढतो. म्हणजे मींड या वाद्याच्या अंगातच आहे. आणि सारंगीसारखीच इथेही सूर कुठे आहे ते दाखवणारी कुठलीच खूण नाही. तो कानाने शोधायचा आणि हाताला शिकवायचा. सात वर्षांच्या मुलीचा हात स्लाइडच्या टोकापर्यंत पोचत नाही. मेल्बा मान एका बाजूला वळवून, खांदा पुढे काढून तिथवर पोचायची. बहुतेक सगळं कानानेच शिकली. आठव्या वर्षी तिथल्या रेडिओवर तिने एकटीने वाजवलं होतं.

१९३७ साली घर लॉस एंजेलिसला हललं. तिथे अल्मा हायटावर नावाच्या बाईंकडे मुलांचा वाद्यवृंद होता, त्यात ती घडली. १९४२ मध्ये, सोळाव्या वर्षी, लिंकन थिएटरच्या वाद्यवृंदात नोकरी लागली. तिथे गाणारे-नाचणारे कलाकार येत-जात असत आणि कित्येकांकडे आपल्या गाण्याची लिहिलेली स्वरलिपीच नसे. ती लिहून देण्याचं काम मेल्बाकडे येऊ लागलं. मला तिच्या आयुष्यातली ही फार मोठी गोष्ट वाटते. आलेल्या माणसाचं ऐकायचं, त्याला काय हवं आहे ते ओळखायचं, आणि सकाळपर्यंत सगळ्यांच्या वाटचं कागदावर उतरवून द्यायचं. हे ती पुढची पन्नास वर्षं करत राहिली. फक्त समोरची माणसं मोठी होत गेली.

त्यानंतर ती जेराल्ड विल्सनच्या बिग बँडमध्ये गेली. बिग बँड म्हणजे साधारण पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, तीन-चार ट्रॉम्बोन, शिवाय पियानो, बास, ड्रम. सोळा-सतरा माणसं. एवढ्या लोकांनी एकाच वेळी मनाला येईल ते वाजवलं तर नुसता गोंगाट होईल. म्हणून कोणी कुठे काय वाजवायचं, कोणी गप्प बसायचं, एकट्याच्या आलापामागे बाकीच्यांनी कसली झालर धरायची, हे आधी लिहावं लागतं. ते लिहिणारा संयोजक. मग प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा उतरवायचा, तेही हाताने. विल्सनकडे मेल्बा वाजवायची, उतरवून द्यायची, आणि त्याचं संयोजन बघत बघत शिकायची.

१९४७ साली, एकविसाव्या वर्षी, तिने डेक्स्टर गॉर्डनबरोबर ध्वनिमुद्रण केलं. गॉर्डन पुढे सॅक्सोफोनचा फार मोठा माणूस झाला. त्यांची ओळख लहानपणापासूनची. त्या दिवशी वाजवलेल्या एका चालीचं नाव ‘मिस्चिव्हस लेडी’, आणि ती लेडी म्हणजे मेल्बा. प्रत्यक्षात ती अतिशय लाजरी होती, आपण घाबरलो होतो असं तिनेच सांगितलं आहे. ऐकलंत तर ते कळतं. पण त्या घाबरण्यातही तिचा सूर रुंद आणि उबदार आहे, आणि ती कुठेही घाई करत नाही.

मग वाईट काळ. १९४९ मध्ये विल्सनने गायिका बिली हॉलिडेसाठी वाद्यवृंद बांधला आणि ही मंडळी दक्षिणेकडच्या राज्यांत दौऱ्यावर गेली. लोकांना नाचायला संगीत हवं होतं, हे ऐकायचं संगीत घेऊन गेले होते. वर काळ्या कलाकारांना हॉटेल नाही, जेवायला जागा नाही. दौरा अर्ध्यातच मोडला, परतीचे पैसे उरले नाहीत. घरी आल्यावर मेल्बाने वाजवणं थांबवलं. लॉस एंजेलिसच्या शिक्षण मंडळात कारकुनी धरली. मधल्या काळात हॉलिवुडच्या दोन भव्य चित्रपटांत छोट्या भूमिकाही केल्या. त्यांतल्या एकात ती हार्प वाजवताना दिसते, ट्रॉम्बोन नाही.

१९५६ साली ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीने तिला परत बोलावलं. १९४९ च्या सुमारास ती त्याच्या बँडमध्ये वाजवून गेली होती, त्यामुळे तिची कुवत त्याला ठाऊक होती. अमेरिकी परराष्ट्र खात्याने त्याचा बिग बँड दौऱ्यावर पाठवला होता: इराणमधलं आबादान, ढाका, कराची, मग बैरूत, दमास्कस, अंकारा, इस्तंबूल, अथेन्स. एका बाईसाठी थेट कॅलिफोर्नियाला निरोप कशाला धाडायचा, म्हणून बँडमधल्या पुरुषांची कुजबुज सुरू होती, तीही घाणेरड्या शब्दांत. गिलेस्पीने तिला विचारलं, काही लिहून आणलंयस का? तिने आणलं होतं. कागद वाटले गेले. पहिल्या काही मात्रांतच मंडळी अडखळली. त्यावर गिलेस्पीने त्यांचाच शिवीचा शब्द त्यांना परत केला. पुढे त्याच बँडमध्ये ती सगळ्यांची बहीण झाली, आई झाली, शर्टाची बटणंही लावून देऊ लागली. हे तिनेच सांगितलं आहे. ती बटणांची गोष्ट ऐकली की मला दर वेळी कसंतरी होतं. एवढं लिहून दाखवल्यावरही बटणं होतीच.

१९५८ च्या डिसेंबरात तिने स्वतःच्या नावावर एक तबकडी केली, ‘मेल्बा लिस्टन अँड हर बोन्स’. बोन्स म्हणजे ट्रॉम्बोनवाले. त्यात जिमी क्लीव्हलँड, बेनी ग्रीन, अल ग्रे, बेनी पॉवेल, फ्रँक रेहाक, स्लाइड हॅम्प्टन असे त्या काळचे उत्तम ट्रॉम्बोनवादक आहेत. एका जातीची इतकी वाद्यं एकत्र आली की आवाज गढूळ होण्याची भीती असते. तिने तो गढूळ होऊ दिलेला नाही. तिची स्वतःच्या नावाची तबकडी एवढी एकच.

आणि आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप. रँडी वेस्टन, ब्रुकलिनचा पियानोवादक, जन्म तिच्याच वर्षीचा. त्याने तिला पहिल्यांदा ऐकलं ते गिलेस्पीच्या बँडमध्ये, तिने स्वतः संयोजन केलेली एक संथ चाल वाजवताना. त्यानंतर चार दशकं या दोघांनी एकत्र काम केलं. सुरुवात ‘लिटल नाइल्स’पासून, मुलांवर रचलेल्या, बहुतेक तीन मात्रांच्या गोड चाली. मग नोव्हेंबर १९६० मध्ये ‘उहुरू आफ्रिका’. उहुरू म्हणजे स्वाहिलीत स्वातंत्र्य. त्या एका वर्षात आफ्रिकेतले सतरा देश स्वतंत्र झाले होते. कवी लँग्स्टन ह्यूजचे शब्द, दोन गायक, मोठा वाद्यवृंद, आफ्रिकेतली, क्यूबातली आणि अमेरिकेतली तालवाद्यं शेजारी शेजारी. हे सगळं कागदावर मांडलं मेल्बाने. १९६४ साली दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या सरकारने या तबकडीवर बंदी घातली.

मुखपृष्ठावर नाव वेस्टनचं, आणि चाली त्याच्याच. तरी तिथे जे ऐकू येतं त्यातलं अर्धं मेल्बाचं आहे असं मी ठामपणे म्हणते. त्याच्या पियानोतली डाव्या हाताची जड, दगडी पावलं तिने खालच्या पितळी वाद्यांना दिली आणि उजव्या हाताच्या किनारी बासरीला. माणूस एकटा बसून जे वाजवतो ते वीस-पंचवीस जणांनी वाजवावं आणि तरीही ते त्याचंच वाटावं, ही साथीची कमाल आहे.

पुढचं थोडक्यात. साठच्या दशकात क्विन्सी जोन्सचा बँड, मोटाउन या रेकॉर्ड कंपनीसाठी संयोजन, अनेक गायक-वादकांसाठी लेखन. १९७३ पासून पाच-सहा वर्षं जमैकात संगीतशाळेत शिकवलं. १९७९ ला परत आली, आपला गट काढला. १९८५ मध्ये पक्षाघात. वाजवणं तिथे थांबलं, लिहिणं थांबलं नाही. १९८७ साली तिला ‘जाझ मास्टर’ हा राष्ट्रीय सन्मान मिळाला. २३ एप्रिल १९९९ रोजी लॉस एंजेलिसमध्ये गेली.

तुम्ही ऐकलं असेल तर लिहा. नसेल तर ऐकून लिहा.

चिंचगूळ

वाचता वाचता ‘मिस्चिव्हस लेडी’ लावलं. मला जाझमधलं काही कळत नाही, पण ‘घाई नाही’ हे बरोबर ओळखता आलं. सॅक्सोफोन धावतो आणि ही मागून शाल सावरत आल्यासारखी येते. धन्यवाद.

निवृत्त_बँडवाला

ताई, पोलीस बँडात तीस वर्षं ट्रॉम्बोन वाजवला. या वाद्यावर मराठीत इतकं कोणी लिहिलेलं पहिल्यांदा पाहतोय, म्हणून थोडी भर.

स्लाइडच्या सात जागा असतात, आम्ही पोझिशन म्हणतो. पहिलीला स्लाइड पूर्ण आत, सातवीला हात पूर्ण ताणलेला. प्रत्येक पोझिशनला सूर अर्ध्या स्वराने उतरतो. पण जागांमधलं अंतर सारखं नसतं, बाहेर जाल तसं वाढत जातं. एका पोझिशनवर ओठ आवळून-सैल करून अनेक सूर निघतात. त्यामुळे वरच्या पट्टीत एकच सूर दोन-तीन जागांवर सापडतो, जवळची जागा घेऊन काम भागतं. खालच्या पट्टीत ती सोय नाही. तिथला एखादा सूर सहावीला आहे म्हणजे सहावीलाच. लहान मुलांची पंचाईत होते ती तिथे.

तुम्ही मींड लिहिलंत ते खरं, पण आमचं दुखणं उलटं आहे. मींड आपोआप येते, ती येऊ न देता दोन सूर जोडणं अवघड. स्लाइड सरकत असताना हवा चालू राहिली तर मधला सगळा घसारा ऐकू येतो. म्हणून जिभेने अगदी हलका स्पर्श करायचा, ‘द’ आणि ‘ल’ यांच्या मधला, आणि त्या निमिषात हात हलवायचा. हवा तुटता कामा नये. संथ चालीत हे सगळ्यात उघडं पडतं. लोकांना वाटतं जलद वाजवणारा मोठा. आमच्या बँडमास्तरांनी पहिली दोन वर्षं आम्हाला फक्त लांब सूर धरायला लावले होते.

या बाईंचं संथ वादन मी अजून ऐकलेलं नाही. कुठून सुरुवात करू?

कोमल_निषाद

काका, ‘द’ आणि ‘ल’च्या मधला स्पर्श! तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. पेटीवर आमची अडचण अगदी उलट. सूर तुटकच असतात, ते जोडल्याचा भास भात्याने निर्माण करावा लागतो.

सुरुवात ‘बोन्स’मधल्या ‘ब्लूज मेल्बा’पासून करा. मग ‘लिटल नाइल्स’, तिथे ती संयोजकही आहे आणि वादकही.

रात्रपाळी

धागा आवडला, पण एक शंका मोकळेपणाने विचारतो. ट्रॉम्बोनच्या इतिहासात किड ओरी, जॅक टीगार्डन, जे. जे. जॉन्सन ही नावं येतात. ओरीने न्यू ऑर्लिन्समध्ये वाद्याची भूमिका ठरवली, टीगार्डनने त्याला गायला लावलं, जॉन्सनने चाळीसच्या दशकात बीबॉप या जलद जाझच्या वेगाला आणून बसवलं. वादक म्हणून मेल्बा लिस्टन यांच्या रांगेत बसते का? की ती स्त्री होती, तिने सोसलं, म्हणून आपण तिला तिथे बसवतो आहोत? सोसणं मी नाकारत नाही. पण संगीताचा निवाडा संगीतावर व्हावा असं मला मनापासून वाटतं.

कोमल_निषाद

रात्रपाळी, निवाडा संगीतावरच व्हावा, मलाही तेच हवं आहे.

वादक म्हणून तिने वाद्याची भाषा बदलली का? नाही. जॉन्सनने बदलली. त्याच्या आधी ट्रॉम्बोनवर तो वेग शक्य आहे यावर लोकांचा विश्वास नव्हता. एकल वादनात मेल्बाला पुढे पुढे करायची इच्छाच कमी होती, आणि जे ध्वनिमुद्रित झालं ते थोडं आहे.

पण ‘वादक म्हणून’ ही चौकट कोणी आखली? आपण त्याच माणसाला मोठं म्हणायचं ठरवलं आहे जो उभा राहून एकटा वाजवतो. ज्याने बाकीच्या पंधरांना काय वाजवायचं ते दिलं, तो तबकडीच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरात. रांगच निराळी लावली, संयोजकांची, तर मेल्बा अगदी पुढे बसेल आणि तिथे कोणाला मेहरबानी करावी लागणार नाही. तो गिलेस्पीच्या बँडमधल्या पहिल्या तालमीचा प्रसंग पुन्हा बघा. तिथे कोणी तिची कीव केली नव्हती. समोर कागद होता आणि तो वाजवता येत नव्हता.

सोसण्याबद्दलही सांगते, कारण मूळ लेखात मी ते टाळलं. दौऱ्यांच्या त्या वर्षांत आपल्यावर बलात्कार झाले, डॉक्टरकडे जायचं आणि पुढे चालायचं एवढंच होतं, असं तिने पुढे मुलाखतीत स्वतः सांगितलं आहे. मी टाळलं, कारण ते एकदा आलं की माणसं बाकीचं ऐकत नाहीत. पण तिने स्वतः सांगितलेली गोष्ट मी लपवणं बरोबर नव्हतं. कारकुनी धरली ती केवळ पैसे संपले म्हणून नव्हे, इतकं तरी त्यावरून समजतं. तरीही माझं प्रेम आहे ते १९५६ नंतरच्या कागदांवर.

रात्रपाळी

‘चौकट कोणी आखली’ हे पटलं. उद्या रात्री ‘उहुरू आफ्रिका’ पूर्ण ऐकतो आणि मग लिहितो.

हडसनकाठ

मी न्यू जर्सीत राहते, इथल्या हौशी बिग बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवते. संयोजकांच्या रांगेवरून एक गोष्ट सुचली. ट्रॉम्बोनवाल्यांतून संयोजक फार निघाले. ग्लेन मिलर ट्रॉम्बोनवाला. फ्रँक सिनात्रासाठी संयोजन करणारा नेल्सन रिडल ट्रॉम्बोनवाला. बॉब ब्रुकमायर, स्लाइड हॅम्प्टन, आणि जे. जे. जॉन्सनसुद्धा, त्याने पुढे चित्रपट-दूरदर्शनसाठी लिहिलं.

बँडमध्ये आमच्या मागच्या रांगेत ट्रॉम्बोन बसतात, त्यांच्या मागे ट्रम्पेट. म्हणजे ते अगदी मधोमध. चाल बहुतेक वेळा त्यांच्याकडे नसते, आतले सूर असतात. कित्येक मात्रा नुसतं मोजत बसायचं, आणि त्या वेळात पुढचे-मागचे काय करताहेत ते कानावर पडत राहतं. वर्षानुवर्षं असं बसलं की संगीत आतून ऐकायची सवय लागणारच. मेल्बाने तर हे सोळाव्या वर्षापासून केलं.

आणखी एक. तिचे कागद शिकागोत, काळ्या संगीताच्या अभ्यासकेंद्राच्या संग्रहात जतन केलेले आहेत. हाताने लिहिलेल्या स्वरलिप्या आहेत. जाऊन बघायचं खूप मनात आहे.

मांडवीतीर

गोव्याहून लिहितो. आमच्या सासष्टीतल्या घरांत हे दुखणं ओळखीचं आहे. चर्चच्या शाळेत मुलं सोल्फेजिओ, म्हणजे लिहिलेले स्वर वाचून गाणं, शिकायची, व्हायोलिन, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन हातात घ्यायची आणि मग मुंबईची वाट धरायची. रात्री हॉटेलांत जाझ, दिवसा सिनेमाच्या ध्वनिमुद्रणात नोकरी. हिंदी गाण्यांमागचे वाद्यवृंद ज्यांनी कागदावर मांडले त्यांत आमची माणसं किती! शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबॅस्टियन डिसोझा, सी. रामचंद्र यांच्याकडे चिक चॉकलेट, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. पडद्यावर नाव आलंच तर ‘सहाय्यक’. संगीतकार चाल गुणगुणायचा, आणि चाळीस-पन्नास वादकांसमोरचे कागद यांच्या हातचे.

माझा एक म्हातारा नातेवाईक त्या काळात कागद उतरवायचा. त्याच्या बोटाला शाईचा घट्टा होता. जुनं गाणं रेडिओवर लागलं की तो गायिकेच्या आवाजाकडे लक्षच द्यायचा नाही, मधल्या तुकड्याला हात वर करायचा. आम्ही तेव्हा समजून घेतलं नाही.

कोमल_निषाद

मांडवीतीर, तुमचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काहीच लिहावंसं वाटलं नाही. त्या हात वर करण्याबद्दल कोणीतरी स्वतंत्र धागा काढायला हवा. तुम्हीच काढा.

तुळशीवृंदावन

पक्षाघाताबद्दल विचारायचं होतं. माझ्या आईला तीन वर्षांपूर्वी झाला, उजवी बाजू गेली. ती शाळेत चित्रकला शिकवायची. मेल्बाने पक्षाघातानंतर लिहिलं म्हणता, ते कसं?

कोमल_निषाद

तुळशीवृंदावन, आईंना आधी नमस्कार सांगा.

१९८५ च्या झटक्यानंतर मेल्बाला ट्रॉम्बोन धरता येईना. एका हाताने वाद्य पेलायचं, दुसऱ्याने स्लाइड सरकवायची, शिवाय ओठ आणि श्वास. यातलं एक जरी गेलं तरी वाद्य गेलं. ती चाकाच्या खुर्चीत होती. नंतर संगणकावर स्वरलिपी लिहायचं तंत्र ती शिकली, साठीच्या उंबरठ्यावर, जेव्हा ते तंत्र स्वतःच नवं होतं. एकेक सूर निवडून जागेवर ठेवायचा. त्या अवस्थेत तिने १९९१ साली वेस्टनच्या ‘द स्पिरिट्स ऑफ अवर अँसेस्टर्स’चं संयोजन केलं. दोन तबकड्यांचं मोठं काम आहे. त्यानंतर १९९३ मध्ये ‘व्होल्केनो ब्लूज’, ज्यावर तिचं नाव वेस्टनच्या शेजारी आहे. मग तंतुवाद्यांच्या वृंदासाठीही लिहिलं. वेस्टनबरोबरच्या तिच्या कामातलं बरंच या शेवटच्या दहा वर्षांतलं आहे.

आईंना हे सांगाल की नाही ते तुम्ही ठरवा. प्रत्येकाचा आजार वेगळा, आणि ‘बघ, तिने केलं’ हे ऐकणं आजाऱ्याला जड जातं, हे मी माझ्या घरात पाहिलं आहे. पण ‘स्पिरिट्स’ त्यांच्या खोलीत नुसतं लावून ठेवायला हरकत नाही.

तुळशीवृंदावन

लावते. काही सांगणार नाही, फक्त लावते.

रात्रपाळी

‘उहुरू आफ्रिका’ ऐकलं. दोनदा. पहिल्यांदा तालवाद्यांनीच इतकं ओढून घेतलं की बाकी काही ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा तुम्ही सांगितल्याप्रमाणे फक्त खालची पितळी वाद्यं धरून ठेवली. गायिका गाते तो दुसरा भाग माझा सगळ्यात आवडता. तिथे वाद्यवृंद आहे हेच आधी विसरायला झालं होतं. पहिल्या ऐकण्यात ज्याला मी शांतता समजलो होतो तिथे प्रत्यक्षात बरीच माणसं वाजवत होती.

माझा आधीचा प्रश्न मी मागे घेत नाही, पण आता तो विचारावासा वाटत नाही.

हडसनकाठ

रात्रपाळी, ‘शांतता समजलो होतो’! आमच्या बँडमास्तरांना भाषांतर करून सांगणार आहे.

निवृत्त_बँडवाला

ताई, ‘ब्लूज मेल्बा’ ऐकलं. सकाळी फिरून आल्यावर चहाच्या आधी, आणि मग चहा राहूनच गेला. जिभेचा स्पर्श कुठे होतो ते मला तीस वर्षांच्या अनुभवाने ओळखता यायला हवं. काही ठिकाणी ओळखता आलं नाही. एवढंच लिहितो, आमच्या धंद्यात याहून मोठी दाद नसते.

माळ्यावरून माझा ट्रॉम्बोन काढला. स्लाइड अडकत होती, तेल घातलं. आठ वर्षांची नात शेजारी बसून बघत होती, तिला हवाच होता. ओठांचा आवाज तिला पहिल्याच दिवशी काढता आला.

कोमल_निषाद

काका! हात कितव्या पोझिशनपर्यंत पोचतो तिचा?

निवृत्त_बँडवाला

पाचवी. सहावीला मान वळवावी लागते.